आंदुजारबाईंचे यानोमामी आणि आपला कॅमेरा

रानजाई
नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि मुलांचं एक छोटं फोटोमंडळ चालवते. दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, आम्ही प्रदर्शन भरवतो. यंदा मुलांनी विषय घेतलाय, 'रान राखणारी माणसं'. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जायचं ठरतंय.

वर्गात दाखवायला म्हणून मी क्लॉडिया आंदुजार या फोटोग्राफर बाईंनी काढलेले फोटो शोधायला बसले आणि तिथेच अडकले. ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. जन्म १९३१, स्वित्झर्लंड. बालपण ट्रान्सिल्वेनियात. वडील ज्यू. ते आणि त्यांच्याकडचे जवळजवळ सगळे नातलग नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. आई लेकीला घेऊन निसटली. पुढे न्यूयॉर्क आणि १९५५ पासून ब्राझील. १९७१ मध्ये एका मासिकाच्या अ‍ॅमेझॉन विशेषांकासाठी त्या तिथल्या जंगलात राहणाऱ्या यानोमामी या आदिवासी लोकांकडे गेल्या. अंक निघाला, विसरलाही गेला असेल, पण बाई परत परत तिथेच जात राहिल्या. एकदा तर साओ पाउलोहून फोक्सवॅगन बीटल घेऊन निघाल्या! १९७७ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना जंगलातून बाहेर काढलं. पुढच्याच वर्षी कार्लो झाकिनी हे मिशनरी आणि ब्रूस अल्बेर हे मानववंशशास्त्रज्ञ यांना बरोबर घेऊन त्यांनी एक समिती उभी केली. मागणी एकच, हे जंगल यानोमामींचं म्हणून कायद्याने आखून द्या. १९९२ मध्ये ते झालं. ९६ हजार चौरस किलोमीटरच्या वर. आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाला जरा कमी.

आता माझी अडचण. मुलांचे गेल्या वर्षीचे फोटो काढून बघितले. सुरकुतलेला चेहरा, नाकात चमकी, मागचं सगळं धूसर. फोटो छानच आहेत. पण ज्या आजीचा फोटो आहे तिला रानातलं काय काय कळतं, याचा त्यात मागमूस नाही. तिचं नावही आमच्याकडे नाही. मग हे 'ज्ञानाचा सन्मान' कसं म्हणायचं? काढावेत का असे फोटो? काढायचे तर कसे?

मोकळेपणाने लिहा. हा धागा मी मुलांना वाचून दाखवणार आहे.

टपालपेटी
वाचतोय. फार जवळचा विषय.

हडसनकाठ
रानजाई, हे फोटो मी प्रत्यक्ष पाहिलेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला 'द शेड' या कलाकेंद्रात प्रदर्शन होतं. भिंतीवर ओळीने लावलेले नव्हते, बरेचसे छतापासून टांगले होते. त्यामुळे आपण फोटोंसमोर उभे राहत नाही, त्यांच्यामधून चालतो. एका चेहऱ्याच्या पलीकडे दुसरा दिसतो, त्याच्या पलीकडे झाड.

आणि मला सगळ्यात जास्त भावलं ते हे की एकट्या आंदुजारबाईंचे फोटो नव्हतेच. यानोमामी चित्रकारांची चित्रं होती, यानोमामींनी स्वतः केलेल्या फिल्म्स होत्या. बाईंनी सत्तरच्या दशकातच तिथल्या लोकांना कागद आणि स्केचपेनं दिली होती. म्हणाल्या, तुम्हाला जग कसं दिसतं ते काढा. तेव्हा चित्रं काढणाऱ्यांतले एक आंद्रे तानिकी. ते शामान होते, म्हणजे आपल्याकडच्या भगताच्या जवळपास. आता जोसेका मोकाहेसी यांची चित्रं साओ पाउलोच्या मोठ्या कलासंग्रहालयात लागतात.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं. कॅमेरा एकाच बाजूला राहता कामा नये.

कृष्णधवल
थोडं तंत्राबद्दल, कारण मुलांना ते उपयोगी पडेल.

यानोमामींचं घर म्हणजे 'यानो'. प्रचंड मोठं गोल घर, त्यात अनेक कुटुंबं, प्रत्येकाची चूल आणि झोळ्या. आत अंधार, उजेड येतो तो छपराच्या फटींतून आणि वरच्या मोकळ्या भागातून. आजच्यासारखे जास्त आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो घेण्याची सोय, तेव्हा नव्हते. बाईंनी शटर सावकाश ठेवलं, कंदिलाचा उजेड घेतला, एकाच फिल्मवर दोनदा-तीनदा फोटो घेतले, भिंगाच्या कडांना व्हॅसलीन फासलं. त्यामुळे मधला माणूस स्वच्छ आणि कडेचं जग विरघळलेलं.

आणि इन्फ्रारेड फिल्म. हिरव्या पानांवरून इन्फ्रारेड प्रकाश जोरात परत फिरतो, तो आपल्याला दिसत नाही. ती फिल्म त्यालाच लाल करून दाखवते. १९७६ चा एक फोटो आहे, रताळ्याच्या वेलांच्या मधोमध असलेलं घर. सगळी पानं गुलाबी.

दोनलेकी
तो गुलाबी फोटो आत्ता धाकटीला दाखवला. वय वर्षं चार. म्हणाली, "आई, इथल्या झाडांची रंगपंचमी झाली!" :)

सडेतोड
सगळ्यांचं कौतुक वाचून थोडं उलटं लिहितो, राग मानू नका.

एक, जंगल गुलाबी नसतं. ज्या लोकांचं खरं जगणं बाहेर कोणालाच माहीत नाही, त्यांच्याबद्दल आधीच शंभर गैरसमज आहेत, त्यांना तुम्ही स्वप्नासारखं दाखवलं तर तो आणखी एक गैरसमज नाही का?

दोन, त्याच बाईंची १९८१ ते ८३ ची मालिका बघा. लोकांच्या गळ्यात नंबरच्या पाट्या आणि समोरून फोटो. इंग्रजांनी आपल्याकडे १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले, जातीजमातींचे फोटो आणि खाली ही जमात अशी, ती तशी. मला पहिल्यांदा तेच आठवलं. पाटी गळ्यात घातलेला माणूस मला बघवत नाही.

हडसनकाठ
सडेतोड, पाट्यांबद्दल तुम्हाला जे वाटलं तेच मला पहिल्या दहा मिनिटांत वाटलं होतं. मग शेजारचा मजकूर वाचला.

१९७३ च्या सुमाराला सरकारने यानोमामींच्या मुलखातून रस्ता काढायला घेतला, पेरिमेट्रल नॉर्ते. रस्त्याबरोबर मजूर आले, मजुरांबरोबर गोवर आला. या लोकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकदच नव्हती, गावंच्या गावं गेली. पुढे बाई डॉक्टरांबरोबर लसीकरणाला गेल्या. प्रत्येकाची आरोग्यनोंद ठेवायची तर ओळख हवी. आणि यानोमामी आपलं खासगी नाव चारचौघांत उच्चारत नाहीत, ते अपमानास्पद असतं. म्हणून नंबर. कोणाला कुठली लस दिली हे पुढच्या खेपेला कळावं एवढ्यासाठी.

पण बाईंनाही ते टोचत होतंच. लहानपणी ज्याच्यावर जीव होता त्या मुलाच्या छातीवर त्यांनी पिवळा तारा बघितला होता. तो मुलगा परत आला नाही. ती खूण मरणासाठी होती आणि ही जगण्यासाठी, असं त्या सांगतात. म्हणूनच ते फोटो त्यांनी पंचवीस वर्षांनी, २००६ च्या साओ पाउलो बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात लावले.

कृष्णधवल
गुलाबी रंगाबद्दल माझं मत. यानोमामींच्या समजुतीप्रमाणे रानातल्या प्रत्येक जीवाची एक प्रतिमा असते, 'शापिरी'. ती लखलखती असते, नाचत येते आणि फक्त शामानला दिसते. साध्या डोळ्यांना दिसतं ते रान अर्धंच. आता फोटोग्राफरने काय करायचं? नेहमीची रंगीत फिल्म घालून यात्रेतल्यासारखा फोटो काढला तर त्यांच्या लेखी तोच अपुरा. डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडणारी फिल्म वापरली, हे मला खोटं वाटत नाही. मला ते ऐकून घेणं वाटतं.

सडेतोड
पाट्यांचा मुद्दा पटला. माहीत नव्हतं, आभार. गुलाबीबद्दल अजून विचार करतोय.

करवंदीची_जाळी
मी वनस्पतिशास्त्रवाली, म्हणून 'ज्ञान' या शब्दापाशी थांबते. आपण 'आदिवासींचं ज्ञान' म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जडीबुटी येते. तेवढंच नाही हो.

अ‍ॅमेझॉनचं जंगल माणसाचा हात न लागलेलं आहे, असं आम्हाला शिकवलं होतं. पण तिथे ठिकठिकाणी काळीभोर कसदार माती सापडते. कोळसा, राख, हाडं, खापरं, उष्टंखरकटं शतकानुशतकं मिसळून स्थानिक लोकांनी तयार केलेली. आजूबाजूची तांबडी माती पावसाने धुऊन निकस झालेली आणि मध्येच हा काळा तुकडा. ब्राझील नटची झाडं, पिजुआयोचे माड जिथे दाटीने दिसतात, तिथे पुष्कळदा जुन्या वस्तीचा हात असतो.

यानोमामी रानाचा छोटा तुकडा तोडून जाळतात, केळी-कसावा लावतात, काही वर्षांनी तो सोडून देतात. वरवर बघणाऱ्याला वाटतं, जंगल तोडलं. पण सोडलेल्या शेतात रान परत चढतं, शिकार तिथे चरायला येते. त्यांच्यातल्या सानोमा लोकांच्या शेतात आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर खायच्या अळंब्या उगवतात. कुठली खायची, कुठली नाही, हे त्यांना नावानिशी माहीत. त्या अळंब्या सुकवून शहरात विकायला जातात आणि त्यावर त्यांनी आपल्या भाषेत पुस्तक केलंय.

याचा फोटो काढायचा तर सुरकुत्यांचा काढून भागणार नाही. कुजक्या ओंडक्याचा काढावा लागेल, आणि तो ओंडका म्हणजे शेताचा भाग आहे हे सांगणारं माणूस शेजारी हवं.

बावनदी
करवंदी, अगदी! मासे पकडायला ते लोक तिंबो नावाची वेल ठेचून पाण्यात झोडपतात ना? मासे गुंगून वर येतात. आमच्याकडे गेळफळं ठेचून डोहात टाकायचे. माझे आजोबा सांगायचे, ओढा आटत आलेला असतानाच टाकायची, वाहत्या पाण्यात नाही, आणि वरच्या डोहात गाभोळीचे मासे असतील तर त्या वर्षी तो डोह सोडायचा. विष सगळ्यांना माहीत होतं, कुठे थांबायचं ते आजोबांना.

तोळामासा
थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच.

आमची सराफी पेढी. लहानपणी गल्लीत झारेकरी यायचे. दुकानापुढची माती, गटारातला गाळ झाडून न्यायचे, पाण्यात धूत राहायचे. शेवटी तळाला जो काळा चिखल उरतो त्यात पारा घालून चोळायचे. पारा सोन्याचा कण न् कण धरतो. मग ती गोळी मुशीत तापवली की पारा उडून जातो, सोनं राहतं. आम्ही पोरं बघायला उभे राहिलो की त्यातला म्हातारा ओरडायचा, "वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहू नका!"

यानोमामींच्या नद्यांत हेच चालतं, पण पंपांनी काठ फोडून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्या मुलखात ४० हजारांच्या आसपास बेकायदा सोनेवाले घुसले होते. पारा हवेत जातो, नदीत जातो, माशात जातो, मासा खाणाऱ्या पोराच्या अंगात जातो. १९९३ मध्ये हाशिमू गावाच्या लोकांवर सोनेवाल्यांनी हल्ला करून १६ जणांना मारलं. ब्राझीलच्या न्यायालयाने त्याला वंशसंहार ठरवलं. हद्द १९९२ मध्ये आखली होती ना? तरीही. आणि २०२३ च्या जानेवारीत तिथे पुन्हा आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

सोनं आमच्या घरचं अन्न आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. पण रानजाई, प्रदर्शनात नुसतं रान राखणारी माणसं दाखवू नका. ते रान कोणापासून राखावं लागतंय तेही दाखवा.

निळंबेट
हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

२०१० च्या डिसेंबरात आम्ही अंदमानला गेलो. सेल्युलर जेल बघून झालं, मग बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. त्या वाटेवर जारवा आदिवासींचं राखीव जंगल लागतं. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते आणि ताफा एकदम सोडतात. फोटो काढायचे नाहीत अशी पाटी आहे. आमच्या सहलीबरोबरचा माणूस म्हणाला, "नशीब असेल तर दिसतील." जनावरांबद्दल बोलतात तसं. आणि आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो.

एका वळणावर एक बाई उभी होती, कडेवर मूल. मी मोबाईल वर केला. तिने मुलाचं डोकं हाताने आपल्या खांद्यात दाबलं आणि स्वतः मात्र आमच्याकडे बघत राहिली. गाडी पुढे गेली. फोटो आला होता. वर्षभर मी तो घरी आलेल्यांना दाखवत होतो.

२०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला. तो टीव्हीवर बघताना मला माझा फोटो आठवला आणि जेवण गेलं नाही. त्या रात्री तो काढून टाकला. त्या बाईचा हात अजून डोळ्यांपुढून जात नाही.

हडसनकाठ यांनी रस्ता आणि गोवर लिहिलंय. जारवांमध्येही १९९९ मध्ये गोवराची साथ आली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या जंगलातला तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. आम्ही त्याच रस्त्याने गेलो.

दोनलेकी
निळंबेट, लिहिलंत हे बरं केलंत.

इंद्रावती
मी गडचिरोलीची. मेंढा-लेखाचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. बाहेरून आलेल्या माणसाला काही अभ्यासायचं असेल तर आधी गावासमोर बसायचं, सगळ्यांचं एकमत झालं तर पुढे.

रानजाई, तुमच्या मुलांना माझं एवढंच सांगणं, पहिल्या खेपेला कॅमेरे घरी ठेवून जा. आणि गावाने नाही म्हटलं तर हुज्जत न घालता परत या.

सडेतोड
इंद्रावती यांना अनुमोदन. एक प्रश्न राहतोच. यानोमामींमध्ये माणूस गेला की त्याची प्रत्येक वस्तू नष्ट करतात, नावही घेत नाहीत, असं वाचलंय. मग पन्नास वर्षांपूर्वीचे हे फोटो? त्यातली कितीतरी माणसं आज नसतील.

हडसनकाठ
हो, आणि हे त्यांना सोपं गेलेलं नाही. मृताची खूण मागे राहिली तर तो पुरता जात नाही आणि मागे राहिलेल्यांचं दुःखही संपत नाही, असं ते मानतात. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी त्यांच्या रक्ताचे नमुने नेले आणि तिकडच्या शीतपेट्यांत ठेवले. मेलेल्या नातलगांचं रक्त परक्या देशात गोठवून ठेवलंय हे कळल्यावर त्यांनी कित्येक वर्षं मागणी लावून धरली. २०१५ मध्ये रक्त परत आलं आणि त्यांनी ते आपल्या मातीत पुरलं.

फोटोंबाबत दावी कोपेनावा यांनी, म्हणजे त्यांचे शामान आणि जगभर जाऊन बोलणारे पुढारी, लोकांना समजावलं की बाहेरचे लोक डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत, जंगल वाचवायला हे फोटो कामी येतील. फोटो का दाखवायचे हे त्यांनी ठरवलं. माझ्या मते बाईंचं मोठेपण फोटोंपेक्षाही यात आहे, की ठरवण्याचा हक्क त्यांनी यानोमामींकडे जाऊ दिला.

रानजाई
मंडळी, तीन आठवडे गप्प होते, कारण आम्ही जाऊन आलो. दोनदा.

इंद्रावती, पहिल्या खेपेला कॅमेरे नेले नाहीत. मुलं कुरकुरली, पण गेली. पाड्यावर आवण्या चालू होत्या, चिखलात उतरून हात लावला. निघताना मुलांनी विचारलं, फोटो काढले तर चालेल का, आणि कशाचे काढू? एक आजी म्हणाल्या, "माझं तोंड कशाला काढता? माझ्या नातीला कडूकंदाची वेल ओळखता येत नाही, तिचा काढा."

दुसऱ्या खेपेला आजींबरोबर रानात गेलो. कडूकंद माहीत असेल तुम्हाला, नुसता खाल्ला तर तोंड कडू जहर आणि पोट बिघडतं. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. आजींनी पान हातावर उलटं ठेवलं आणि शिरा मोजून दाखवल्या, मग वेल बोटाने वर सरकत कुठल्या अंगाने झाडाला वेढते ते दाखवलं. कंद आता नाही, कंद थंडीत. पण थंडीत वेल सुकून जाते. म्हणून पावसात पान बघून जागा लक्षात ठेवायची आणि थंडीत तिथे येऊन खणायचं. एका फोटोत हे मावणारच नाही, चार महिन्यांचं अंतर असलेले दोन फोटो लागतील, हे माझ्या अकरावीतल्या मुलाने मला सांगितलं.

गेल्या वर्षीचे फोटो छापून नेले होते. लोकांनी चटईवर मांडून बघितले. तीन बाजूला ठेवले, हे लावू नका म्हणाले. त्यातला एक गेल्या वर्षी आमच्याकडे पहिला आला होता. त्या बाई आता नाहीत. फोटो आम्ही घरच्यांना दिला आणि आमच्याकडचा काढून टाकला. बाकी फोटोंखाली नावं लिहून आणली आहेत, त्यांनी सांगितली तशी.

तोळामासा, रान कोणापासून राखावं लागतं तेही विचारलं. त्यावर लोक दोन तास बोलले. सगळं लिहून घेतलंय, त्यातलं काय लावायचं ते पाड्यावर वाचून दाखवून ठरवू.

तर ९ ऑगस्टला कडूकंदाच्या दोन फोटोंपैकी फक्त वेलीचा लागेल. शेजारची जागा रिकामी.

सडेतोड
रिकामी जागा बघायला मी नाशिकला येतो.

करवंदीची_जाळी
किती छान! पण थंडीत नेमकी ती जागा सापडेल ना? काही खूण करून ठेवलीत का?

रानजाई
मुलांनी वेलीच्या बुडाशी तीन दगड रचले होते. आजींनी ते पायाने विस्कटून टाकले. म्हणाल्या, दगड बघून येणारा-जाणारा खणून नेईल. मुलांनी विचारलं, मग आम्हाला जागा कशी सापडणार?

"मी येते ना बरोबर," म्हणाल्या.